अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२, कैराना – २७ ऑक्टोबर १९३७, सिंगपेरुमाळ कोइल) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे गायक होते. उत्तर प्रदेशात जन्मलेल्या खाँसाहेबांचे बहुतेक कार्य महाराष्ट्रात आणि आजच्या उत्तर कर्नाटकात घडले. मिरज हे त्यांचे अनेक वर्षांचे वास्तव्याचे गाव होते आणि त्यांची कबरही तेथेच आहे. सुरेलपणा, संथ आलापी, सरगमचा मुबलक वापर आणि कर्नाटक संगीताविषयीची आस्था या गोष्टींसाठी ते ओळखले जातात. त्यांचे गायन आज दोन काळांतील ग्रामोफोन तबकड्यांमधून उपलब्ध आहे. या तबकड्या डिजिटल स्वरूपात उतरवताना केलेल्या निवडींवर त्यांचा आवाज कसा ऐकू येतो हे बऱ्याच अंशी अवलंबून असल्याने त्या प्रक्रियेची माहितीही या लेखात दिली आहे.

पूर्वायुष्य

खाँसाहेबांचा जन्म यमुनेकाठच्या कैराना या गावी, गायक-वादकांच्या कुटुंबात झाला. किराणा घराण्याचे नाव याच गावावरून आले आहे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. नन्हे खाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. गाण्याबरोबर सारंगी, बीन, सतार आणि तबला या वाद्यांचा अभ्यास त्यांनी केला. सारंगीवर घसीट सलग निघते आणि बिनेवर तार ओढून एका पडद्यावर अनेक स्वर काढता येतात. त्यांच्या गळ्यातील लांब मींड आणि दोन स्वरांमधल्या जागा भरून काढण्याची सवय यांचे मूळ अभ्यासक या वाद्यांत पाहतात.

कैराना घराण्यातीलच अब्दुल वहीद खाँ हे त्यांचे नात्याने भाऊ होत. त्यांची बहीण गफूरन ही खाँसाहेबांची पहिली पत्नी. या दोघा भावांना किराणा घराण्याचे दोन आधारस्तंभ मानतात. मात्र वहीद खाँ यांनी व्यापारी ध्वनिमुद्रणाकडे पाठ फिरवली, आणि त्यांचे गायन रेडिओवरून वाचलेल्या मोजक्या मुद्रणांपुरते उरले. त्यामुळे घराण्याच्या आरंभकाळाचा आवाज म्हणून श्रोत्यांच्या कानी पडतो तो मुख्यतः अब्दुल करीम खाँ यांचा.

बडोदे आणि ताराबाई माने

तरुण वयात भाऊ अब्दुल हक यांच्यासह गात ते फिरतीवर निघाले आणि बडोदे संस्थानात दरबारी गायक झाले. तेथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईत येऊन संसार मांडला. धर्म, जात आणि दरबारी प्रतिष्ठा या तिन्ही सीमा ओलांडणारा हा विवाह त्या काळात सहज पचण्यासारखा नव्हता.

या दांपत्याला पाच अपत्ये झाली. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, कृष्णा आणि सकीना ही त्यांची घरातली नावे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या आणि मुलांनी आईचे आडनाव व हिंदू नावे घेतली. अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने म्हणून, चंपाकली हिराबाई बडोदेकर म्हणून आणि सकीना सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्ध झाल्या. कमलाबाई आणि कृष्णराव ही उरलेल्या दोघांची नंतरची नावे. तिकीट लावून स्त्रीने जाहीर मैफल करण्याची प्रथा महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय हिराबाईंना दिले जाते. वडिलांपासून तुटलेल्या या मुलांच्या गळ्यात वडिलांचे गाणे मात्र टिकले. हिराबाईंना पुढची तालीम अब्दुल वहीद खाँ यांनी दिली, म्हणजे घराणे बदलले नाही.

त्यानंतर शिष्या बानूबाई लाटकर यांच्याशी खाँसाहेबांनी विवाह केला. त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने गात.

मिरज

मिरजेत खाँसाहेब आजारी पडले असता ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर त्यांना आराम पडला, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून उरुसात दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली बसून गाण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्यामागे तेथे संगीतसभेची परंपरा सुरू राहिली असून देशभरातील गायक-वादक हजेरी लावून जातात.

मिरजेला त्यांना खिळवून ठेवणारी आणखी एक गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गावात तंबोरे व सतारी तयार करणाऱ्यांची वस्ती आहे. पंढरपूर परिसरातील भोपळ्यांपासून बनणारे मिरजेचे तंबोरे आजही नावाजलेले आहेत. तंबोरा लावणे, जवारी काढणे आणि वाद्याची किरकोळ दुरुस्ती करणे यांत खाँसाहेब स्वतः निष्णात होते. मैफलीपूर्वी तंबोरे मनासारखे लागेपर्यंत ते गाण्यास बसत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

याच परिसरात रहिमत खाँ यांचेही गाणे त्यांना ऐकावयास मिळाले. ग्वाल्हेर परंपरेतील हे विलक्षण गायक विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीबरोबर फिरत आणि कुरुंदवाड येथे राहत. खाँसाहेबांच्या आवाजाच्या लगावावर रहिमत खाँ यांची छाया असल्याचे अनेक जाणकारांनी नोंदवले आहे.

आर्य संगीत विद्यालय आणि शिष्य

इ.स. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. गांधर्व महाविद्यालयाच्या धर्तीवर संगीतशिक्षण घराबाहेर आणण्याचे जे प्रयत्न त्या काळात चालू होते, त्यांतील हा एक. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेच्या नावात आर्य हा शब्द घालावा, याची दखल इतिहासकारांनी घेतली आहे. विद्यार्थी गरीब असत आणि शिक्षण बरेचसे गुरुकुल पद्धतीने, उस्तादांच्या घरी राहून, होत असे. संस्था म्हणून हे विद्यालय फार काळ तग धरू शकले नाही.

शिष्यपरंपरा मात्र विस्तारली. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शिष्य म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२). त्यांच्याकडून ही गायकी गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. रोशनआरा बेगम आणि बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हेही खाँसाहेबांचेच शिष्य. कपिलेश्वरीबुवांनी गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले असून ते १९७२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले.

श्रुतींचे प्रयोग

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, भारतीय संगीतातील बावीस श्रुती प्रत्यक्ष मोजता येतात का, हा प्रश्न पश्चिम भारतात ऐरणीवर आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी या शोधाचे प्रमुख होते. त्यांनी १९१० मध्ये आपले निष्कर्ष इंग्रजी पुस्तिकेत मांडले. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि १९११ मध्ये फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सुरू झाली. या प्रयोगांत स्वर लावून दाखवण्याचे काम अब्दुल करीम खाँ यांनी केले. खाँसाहेबांनी गायचे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून त्या स्वराचे षड्जाशी असलेले गुणोत्तर काढायचे, अशी पद्धत होती. त्या मोजमापांच्या आधारे श्रुतींची खास बाजाची पेटीही इंग्लंडहून बनवून घेण्यात आली.

१९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या पेटीचे प्रात्यक्षिक झाले. विष्णू नारायण भातखंडे आणि परिषदेतील अन्य जाणकारांना ते पटले नाही. गाणारा गळा प्रत्येक रागात, प्रत्येक चलनात स्वर किंचित वेगळा लावतो, तो कायमचा एका पट्टीवर बांधता येत नाही, असा विरोधकांचा रोख होता. वाद तेथे मिटला नाही. देवलांच्या काही गुणोत्तरांवर आजही आक्षेप आहेत. तथापि सूक्ष्म स्वरभेद नेमका आणि पुन्हा पुन्हा तसाच लावू शकणारा गायक म्हणून खाँसाहेबांची निवड झाली होती, ही बाब त्यांच्या सुरेलपणाविषयी पुरेशी बोलकी आहे.

या वर्षांतील त्यांच्या गाण्याची एकही व्यापारी तबकडी नाही. प्रयोग झाले ते पहिल्या आणि दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या मधल्या मोठ्या खंडात.

गायनशैली

किराणा गायकीत रागाचा विस्तार एकेक स्वर घेऊन होतो. खाँसाहेब एका स्वरावर थांबत, त्याच्या अलीकडची-पलीकडची जागा दाखवत आणि मग पुढच्या स्वराकडे मींडेने जात. बोल आणि लय यांपेक्षा स्वराला त्यांनी वरचे स्थान दिले. लयकारीची आवड असलेल्या श्रोत्यांना हे एकांगी वाटे, आणि ही टीका अगदीच अस्थानी नाही. त्यांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि करुण रसाला अनुकूल होता. ठुमरीलाही त्यांनी पूरब अंगाच्या शृंगारापेक्षा हाच आर्त रंग दिला.

म्हैसूर दरबाराच्या निमंत्रणांमुळे त्यांचा कर्नाटक संगीताशी जवळून संबंध आला. दाक्षिणात्य पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली, सावेरी रागातील सरगम ध्वनिमुद्रित केली आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृतीही गायली. उत्तरेकडील उस्तादाने दक्षिणेच्या विद्वानांकडे शिकण्याच्या भावनेने पाहणे त्या पिढीत दुर्मीळ होते.

अखेर

१९३७ च्या दौऱ्यात मद्रास येथील कार्यक्रमांनंतर ते रेल्वेने पाँडिचेरीकडे निघाले. वाटेत छातीत दुखू लागल्याने चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा लावावयास सांगितला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत प्रार्थना म्हणत २७ ऑक्टोबर रोजी देह ठेवला, असे सांगितले जाते. पार्थिव मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला संगीत महोत्सव हीदेखील याच परंपरेची पुढची शाखा होय.

ध्वनिमुद्रिका

भारतातील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. त्यानंतर तीनेक वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने अब्दुल करीम खाँ यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा ते तिशीत होते. विद्युत मायक्रोफोन अस्तित्वात नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि मेणावर थेट रेघ उमटे. साच्यांवरून तबकड्या छापण्याचे काम जर्मनीतील हॅनोवर येथे होई, कारण कलकत्त्याचा कारखाना १९०८ पर्यंत सुरू झालेला नव्हता.

दुसरा संच १९३४ पासून पुढे, ओडियन कंपनीसाठी, विद्युत पद्धतीने मुद्रित झाला. वसंत, ललत, मालकंस, शुद्ध कल्याण, झिंझोटी आणि भैरवी या रागांतील या तबकड्यांनीच त्यांची आजची कीर्ती घडवली. त्यांतील झिंझोटीची ठुमरी इतकी लोकप्रिय झाली की कुंदनलाल सैगल यांनी ती देवदास या १९३५ च्या हिंदी चित्रपटात गायली. संगीत मानापमान या नाटकातील चंद्रिका ही जणू हे मराठी पदही खाँसाहेबांच्या आवाजात मुद्रित आहे. शाळकरी वयातील भीमसेन जोशींना दुकानात वाजणाऱ्या त्यांच्या तबकडीने वेड लावले आणि ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गायकाला हे बंधन जाचक होते, तरी खाँसाहेबांनी आलापीचा आभास एवढ्या वेळात टिकवला. पुढे या मुद्रिकांतील निवडक भाग एलपी, कॅसेट आणि सीडीवर निघाले. ऑस्ट्रेलियातील ध्वनिमुद्रिका-अभ्यासक मायकेल किन्नियर यांनी खाँसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या तबकड्यांची तपशीलवार सूची एकत्र प्रसिद्ध केली आहे.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या सर्व तबकड्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुक्त झाल्या. नेमक्या त्याच सुमारास घरगुती संगणकावर ध्वनी उतरवणे सोपे झाले. संग्राहकांनी आपापल्या तबकड्या उतरवल्या आणि एकाच ठुमरीच्या अनेक प्रती महाजालावर आल्या. या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणाची पट्टी वर आहे, कोणाची खाली, कोठे आवाज किनरा आहे तर कोठे घोगरा.

तबकड्यांचे डिजिटल रूपांतर

या तफावतीचे पहिले कारण तबकडीचा वेग. जुन्या तबकड्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हटले जात असले, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी मिनिटाला ७० ते ८० च्या दरम्यान, कधी त्याहूनही अधिक, अशा निरनिराळ्या वेगांनी मुद्रण होत असे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने वर चढते आणि सव्वातीन मिनिटांचे गाणे सुमारे दहा सेकंद आधी संपते. आवाजाचा पोतही बदलून बारीक होतो. १९०५ मधील तरुण आवाज आणि तीस वर्षांनंतरचा आवाज यांची तुलना करताना हे फार महत्त्वाचे ठरते. वयाबरोबर खाँसाहेबांचा आवाज उंच झाला की उतरला, याचे उत्तर पहिल्या संचाचा वेग कोणता धरावा यावर बदलते.

देवलांच्या श्रुतींतील प्रमाणश्रुती, म्हणजे ८१ ला ८० हे गुणोत्तर, वेगाच्या भाषेत सव्वा टक्का होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत हा फरक मिनिटाला एका फेऱ्याइतकाच. मात्र वेग चुकीचा पण स्थिर असेल, तर सर्व स्वर सारख्या प्रमाणात सरकतात, षड्जाशी असलेले त्यांचे नाते अबाधित राहते आणि श्रुती बिघडत नाहीत. बिघडवते ते वेगातील चढउतार. तबकडीचे मधले छिद्र मध्यापासून अवघा अर्धा मिलिमीटर सरकलेले असले, तर आतल्या वळणांवर, सुमारे ६ सेंटिमीटर त्रिज्येपाशी, प्रत्येक फेऱ्यात स्वर एकूण १.७ टक्क्यांनी वरखाली होतो. हे हेलकावे प्रमाणश्रुतीहून मोठे आहेत आणि सेकंदाला १.३ वेळा येतात. संथ आंदोलनाचा वेग याच्या आसपास असू शकतो. अशी प्रत ऐकून कोमल ऋषभाचे आंदोलन शिकणारा विद्यार्थी कदाचित छिद्राचा दोष घोटत असतो. उपाय साधा आहे: छिद्र किंचित मोठे करून किंवा मधली खुंटी काढता येणारे टर्नटेबल वापरून तबकडी नजरेने मध्यावर आणावी लागते.

दुसरी गोष्ट सुई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई, जी साधारण २५ मायक्रॉनची, खाचेच्या तळाशी घासत जाते आणि साचलेली धूळ तेवढी ऐकवते.

संगणकाच्या साउंड कार्डाची निवड यानंतर येते. संग्राहकांच्या चर्चांत तिला पहिले स्थान मिळते, हे थोडे उलटे आहे. कार्डातील स्फटिक घड्याळाची चूक सामान्यतः लाखात पाच भाग किंवा त्याहून कमी असते. ती प्रमाणश्रुतीच्या अडीचशेव्या भागाइतकी झाली. म्हणजे स्वराच्या अचूकपणासाठी महागड्या कार्डाची आवश्यकता नाही, चांगल्या टर्नटेबलाची आहे. कार्डाकडून अपेक्षा वेगळ्या आहेत.

लाखेच्या तबकडीत गाण्यातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामधले अंतर जेमतेम ३० ते ४० डेसिबल असते. १६ बिटांत ते ९६ डेसिबलपर्यंत मावते, मग २४ बिट कशाला, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर ओरखड्यांत आहे. तबकडीवरील प्रत्येक चिरेचा टक् असा आवाज गाण्याच्या कितीतरी वर उसळतो. तो कार्डाच्या मर्यादेवर आदळून कापला गेला, तर पुढे संगणकावर काढून टाकणे अवघड होते, कारण त्याचा खरा आकारच नोंदला गेलेला नसतो. म्हणून मुद्रणाची पातळी १०–१२ डेसिबल खाली ठेवावी लागते, आणि तेवढी मोकळी जागा सोडूनही गाण्याला पुरेसे बिट उरावेत यासाठी २४ बिट उपयोगी पडतात. नमुन्यांच्या वेगाचेही तसेच आहे. या तबकड्यांवर १० किलोहर्ट्झच्या वर गाण्याचा अंश जवळजवळ नसतो, पण चिरांचे आवाज तीक्ष्ण असल्याने ९६ किलोहर्ट्झवर ते गाण्यापासून स्पष्ट वेगळे दिसतात. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण मानले असून वारसा-मुद्रणांसाठी ९६ किलोहर्ट्झची शिफारस केली आहे. या दराने दोन मार्गांचे मुद्रण केल्यास तीन मिनिटांची एक बाजू सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते.

मुद्रण दोन मार्गांचे करण्यामागेही कारण आहे. तबकडी एकमार्गी असली, तरी खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. दोन्ही भिंती वेगळ्या उतरवल्या, तर कमी झिजलेली निवडता येते, किंवा दोन्ही मिळवून सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर घटवता येते. उभ्या दिशेने गाणे कोरलेलेच नसल्याने त्यात नुकसान होत नाही.

कार्डाला लाइन इनपुट असणे आवश्यक आहे. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात जोडलेला संकेत बहुधा फाटतो, शिवाय तेथे बोलण्याचा आवाज सावरण्यासाठी आपोआप पातळी बदलणारी आणि पार्श्वध्वनी दाबणारी यंत्रणा चालू असते. तंबोरा हा अशा यंत्रणेच्या दृष्टीने पार्श्वध्वनीच. ती बंद केली नाही, तर खाँसाहेबांनी मन लावून जुळवलेला तंबोरा गाण्याच्या विश्रांतीत विरून जातो. मुळात या मुद्रणांत तो अत्यंत क्षीण आहे. संगणकाच्या पेटीतील पंखे आणि वीजपुरवठा यांच्या गुणगुणीमुळेही तो झाकला जातो, म्हणून यूएसबीने जोडले जाणारे बाहेरचे ध्वनियंत्र श्रेयस्कर ठरते. जमिनीची जोडणी दोन ठिकाणी झाल्यास ५० हर्ट्झची घुरघुर येते. ती मंद्र सप्तकाला झाकोळते आणि नंतर गाळताना तंबोऱ्याचा खर्जही थोडा जातो.

काही जुनी कार्डे कोणताही ध्वनी आतल्या आत ४८ किलोहर्ट्झवर आणून मग मागितलेल्या दराने देत. त्यातून येणारा दोष सूक्ष्म असे. ठळक दोष येतो तो मुद्रणाचा दर ४८ आणि धारिकेवरील नोंद ४४.१ अशी गफलत झाल्यास. तेव्हा गाणे सुमारे दीड अर्धस्वराने खाली उतरते. महाजालावरील खाँसाहेबांची एखादी प्रत विनाकारण भारदस्त आणि संथ वाटत असेल, तर ही शक्यता तपासून पाहण्याजोगी आहे.

वारंवारितांचे संतुलन हा वादाचा भाग आहे. एलपीसाठीच्या फोनो अॅम्प्लिफायरमध्ये १९५४ नंतर सर्वमान्य झालेला आरआयएए वक्र बसवलेला असतो. १९०५ च्या मुद्रणांत विजेचा संबंधच नव्हता, आणि ओडियनच्या तबकड्या वेगळ्या वक्राने मुद्रित झाल्या. तो वक्र तसाच लावला, तर वरचे स्वर दबतात आणि खालचे फुगतात. म्हणून संग्रहालये कोणताही वक्र न लावता एक सपाट प्रत जपून ठेवतात आणि ऐकण्यासाठीची प्रत तिच्यावरून वेगळी बनवतात. खरखर काढणाऱ्या प्रणालींचा वापरही या दुसऱ्या प्रतीपुरताच असावा. त्या जोरात चालवल्यास श्वास, जिव्हाळी आणि स्वराच्या कडा पुसल्या जातात व आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

वेग ठरवण्यासाठी त्याच दिवशी मुद्रित झालेल्या लागोपाठच्या क्रमांकांच्या तबकड्या एकत्र ऐकल्या जातात. त्यांचे षड्ज एकमेकांशी जुळवून पाहिले जातात, पेटीची साथ असल्यास तिच्या पट्टीचा आधार घेतला जातो, आणि विद्युत मुद्रणात कधी कधी वीजपुरवठ्याची पुसट गुणगुणही सापडते. एवढे करूनही निवाडा शेवटी कानावर येतो. त्यामुळे प्रतीसोबत तबकडीचा आणि साच्याचा क्रमांक, धरलेला वेग, सुईचे माप, बिट व नमुन्यांचा दर आणि वापरलेले यंत्र यांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. वेगाची नोंद असलेली सपाट प्रत हाती असेल, तर पुढच्या अभ्यासकाला मूळ तबकडीला सुई न लावता तो वेग बदलून पाहता येतो. लाखेची तबकडी प्रत्येक वाजवण्याने झिजते, आणि १९०५ च्या संचातील काही बाजूंच्या मोजक्याच प्रती संग्राहकांकडे उरल्या आहेत.